नऊ लाखांत नगरसेवक होतो का बे?

साखरपेठी (धागाकर्ता)

सोलापूर पालिकेच्या निवडणुकीचा गुलाल धुतला गेला. गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे अजून फिरताहेत. आमच्या गल्लीत विजेच्या खांबावर एक पडलेला उमेदवार अजून हात जोडून उभा आहे. आता कुणाला राग यायचं कारण उरलं नाही, म्हणून विषय काढतो.

मतदानाच्या आदल्या रात्री आमच्या आईला दोन पाकिटं आली. दोन वेगळ्या पॅनलची. पहिला पोरगा ओळखीचा, उंबऱ्यावरूनच "काकू, चारही बटणं आपलीच" म्हणून गेला. दुसरा मतदारयादी घेऊनच आलेला. "घरात मतं किती?" आई म्हणाली तीन. त्याने एकच पाकीट दिलं, बाकीची दोन उद्या दुपारी म्हणाला. दुपारी कोण येतंय. आईने दोन्ही पाकिटं देव्हाऱ्याखाली सरकवली आणि मतदान करून आल्यावरच उघडली. एकात हजार, दुसऱ्यात पंधराशे.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. सवयीने आकडे मांडले. आपली पालिका 'ड' वर्गातली, म्हणून उमेदवाराची खर्चमर्यादा ९ लाख. प्रभाग चौघांचा, मतदार तीस-पस्तीस हजार. म्हणजे माणशी २५-३० रुपये, त्यात रिक्षा, भोंगा, पत्रकं, चहा, डिजिटल सगळं आलं. आणि इथे एकट्या आईच्या हातात अडीच हजार. प्रभागातल्या नुसत्या दहा हजार माणसांना हजार-हजार दिले तरी एक कोटी होतात. चौघांच्या मर्यादा एकत्र केल्या तरी ३६ लाखच.

मला पैसे वाटणाऱ्यांची नावं नकोत. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्यात. हा पैसा कागदावर कुठेच कसा दिसत नाही? आणि खरंच मत कशाने फिरतं: पाकिटाने, रीलने की चौकातल्या डिजिटलने?

होटगीरोडकर

ते सगळं नंतर. आधी सांगा, आईने मत कुणाला दिलं?

डिजिटलवाला

माझा धंदाच हा, म्हणून नाव-गाव विचारू नका. आणि बाहेरगावच्यांसाठी: सोलापुरात फ्लेक्सला डिजिटल म्हणतात.

कापडाचा दर चौरस फुटाला दहा-बारा रुपये धरा. दहा बाय वीसचा बोर्ड म्हणजे दोनशे फूट, दोन-अडीच हजार. लोखंडी फ्रेम, टेम्पो, रात्री चढवणारी पोरं, त्यांची भजी वेगळी. शंभर बोर्ड लागले की एका माणसाची मर्यादा तिथेच अर्धी व्हायला पाहिजे. होत नाही. कारण पक्कं बिल पंधरा बोर्डांचं बनतं. उरलेलं 'मित्रमंडळाने स्वखुशीने लावलं'. मंडळाचा अध्यक्ष कोण, तर उमेदवाराचा मेहुणा.

चार जणांच्या प्रभागात अजून एक गंमत आहे. बोर्डावर सगळ्यांत मोठा फोटो नेत्याचा, निम्मी जागा तोच खातो. त्याखाली चौघे, लग्नाच्या ग्रुप फोटोत मागे उभे राहिल्यासारखे. बिल मात्र चौघांत भागायचं.

पण साखरपेठीभाऊ, तुमचा हिशेबच उशिरा सुरू होतो. मर्यादा मोजतात ती अर्ज भरल्यापासून. मार्च २०२२ ला पालिकेची मुदत संपली आणि प्रशासक बसला. तिथून जवळजवळ चार वर्षं प्रत्येक गल्लीत तीन-तीन 'इच्छुक'. त्यांचे वाढदिवस, नेत्याचे वाढदिवस, नेत्याच्या पोराचे वाढदिवस. गणपतीला मंडळाचे टीशर्ट, नवरात्रात तुळजापूरला गाड्या, दहावी-बारावीच्या पोरांचे सत्कार, कुणाच्या मयतीला मंडप. माझ्या दुकानात चार वर्षं निवडणूकच चालू होती. आचारसंहिता लागल्यावर उलट धंदा थोडा कमी झाला. त्या चार वर्षांतला एक रुपया कुठल्याच रजिस्टरात नाही.

शेंगाचटणी

+१. आमच्याकडच्या इच्छुकाने घराघरात कॅलेंडर वाटलं, चार वर्षं लागोपाठ. तिकीट दुसऱ्याला मिळालं. बिचारा अपक्ष उभा राहिला आणि त्याने वाटलेल्या कॅलेंडरांपेक्षा कमी मतं पडली.

निवृत्त_गुरुजी

मी २०२४ च्या लोकसभेला, ७ मेच्या मतदानासाठी, खर्च पथकात होतो. तिथले काम सांगतो, म्हणजे 'यंत्रणा झोपलेली असते' हा सरसकट आरोप थोडा बाजूला राहील.

यंत्रणा झोपलेली नसते. सभेला चित्रीकरण पथक जाते. आम्ही रात्री ते चित्रीकरण पाहून खुर्च्या, पंखे, कनाती, गाड्या मोजायचो. प्रशासनाचे दरपत्रक असते, चहापासून हारापर्यंत प्रत्येक वस्तूचा दर त्यात असतो. त्यावरून आम्ही उमेदवाराच्या नावाची छाया नोंदवही लिहायची आणि त्याने दिलेल्या हिशेबाशी ताळा घ्यायचा. एका सभेच्या खुर्च्यांवरून एका उमेदवाराच्या प्रतिनिधीने माझ्याशी पाऊण तास वाद घातला. त्याचे म्हणणे, निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, तेव्हा निम्म्याच धरा. मी म्हटले, साहेब, भाडे रिकाम्या खुर्चीलाही लागते. (हे वाक्य मी घरी अभिमानाने सांगितले. सौ. म्हणाल्या, आणि जेवणाचे काय मोजले?)

तिथेच घोडे अडते. जे डोळ्यांना दिसते तेच आम्हाला मोजता येते. ढाब्यावर कुपन घेऊन जेवणारी चाळीस माणसे कुणाची, हे कुणाच्या कपाळावर लिहिलेले नसते. ढाबेवाला म्हणतो, साखरपुड्याची पार्टी आहे. पेट्रोल पंपावरच्या चिठ्ठ्यांचेही तसेच.

दुसरी गोष्ट स्टार प्रचारकांची. मोठ्या नेत्याचा प्रवास, हेलिकॉप्टरसुद्धा, पक्षाच्या खात्यात जाते. पण उमेदवार त्याच्यासोबत व्यासपीठावर दिसला की सभेच्या खर्चाचा वाटा त्याच्या नावावर चढतो. त्यामुळे आपल्याच प्रचाराच्या सभेत उमेदवार खाली पहिल्या रांगेत बसलेला मी पाहिला आहे. पाहुण्यासारखा.

पूर्वभागकर

गुरुजी, डमी राहिले. अपक्ष म्हणून आठ-दहा जण उभे असतात, त्यातले काही स्वतःसाठी उभेच नसतात. त्यांच्या नावावर गाड्यांचे परवाने निघतात, पोलिंग एजंटचे पास निघतात, खर्चही त्यांच्या वहीत पडतो. आमच्या बूथवर एका अपक्षाचा एजंट दिवसभर बसला होता. त्याला आपल्या उमेदवाराची निशाणी विचारली तर खिशातून कागद काढून वाचून सांगितली.

जुनावकील

साखरपेठींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे, ते लोकसभा-विधानसभेपुरते सांगतो. पालिका राज्य निवडणूक आयोगाकडे, तिचे नियम वेगळे, पण दुखणे एकच.

लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ७७ उमेदवाराच्या खर्चाला बांध घालते. मोठ्या राज्यांत आज लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. सोलापूर लोकसभेत वीस लाखांच्या आसपास मतदार. म्हणजे माणशी पाच रुपयेसुद्धा नाहीत. 

पक्षाच्या खर्चाला मात्र मर्यादा नाही. १९७४ मध्ये कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की पक्षाने उमेदवारासाठी, त्याला माहीत असताना केलेला खर्च उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे. निकालाची शाई वाळायच्या आत सरकारने अध्यादेश काढून कलमाला स्पष्टीकरण जोडले आणि पक्षाचा, मित्रांचा खर्च बाहेर काढला. ती पळवाट २००३ पर्यंत तशीच होती. मग अरुंद केली, पण नेत्यांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आजही बाहेरच. पुढच्या दाराला कुलूप, मागचे सताड उघडे.

आणि पक्षाकडे येते कुठून? २०१७ च्या वित्त कायद्याने नाव गुप्त ठेवून पक्षाला देणगी द्यायचे निवडणूक रोखे आले, त्याच वेळी कंपन्यांच्या देणगीवरची सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढून टाकली. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनापीठाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. रोखे घेणाऱ्यांची यादी बाहेर आली तेव्हा सर्वांत मोठी खरेदीदार निघाली लॉटरीच्या धंद्यातली फ्युचर गेमिंग, १,३६८ कोटी रुपये. ९५ लाखांनी भागून बघा. १,४४० उमेदवारांची पूर्ण मर्यादा. लोकसभेच्या जागाच ५४३.

कडकभाकरी

वकीलकाका, आपल्या महाराष्ट्रातलंच उदाहरण राहिलं. जून २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे भर कार्यक्रमात बोलून गेले की २००९ च्या लोकसभेला त्यांचे आठ कोटी खर्च झाले. तेव्हा मर्यादा २५ लाख होती. आयोगाची नोटीस आली. लोक हसले, पण मला वाटतं त्या दिवशी एकच नेता खरं बोलला आणि नोटीस त्यालाच आली.

डल्लासकर_मूळचा_बाळ्याचा

पैशाची एवढी भीती कशाला? इथे अमेरिकेत २०२० ला मायकेल ब्लूमबर्गने पक्षाची उमेदवारी मिळवायला स्वतःच्या खिशातले शंभर कोटी डॉलरहून जास्त उधळले, बहुतेक जाहिरातींवर. टीव्ही लावला की ब्लूमबर्ग. जिंकला काय, तर अमेरिकन सामोआ, प्रशांत महासागरातली चिमुकली बेटं. मार्चच्या सुरुवातीलाच घरी. साखरपेठींच्या आईने दोन्हीकडून घेतलं, म्हणजे दोघांपैकी एकाचे तरी पैसे वाया गेलेच की. मग पैशाने निवडून येतो हे म्हणणंच खोटं.

हिशेबनीस

डल्लासदादा, तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर. मी एका पडलेल्या उमेदवाराचा हिशेब सांभाळला आहे (पक्ष विचारू नका), म्हणून उरलेलं अर्धं सांगतो.

पाकिटाने मत मिळतं यावर आमच्या उमेदवाराचाही विश्वास नव्हता. रात्री अकराला तो म्हणाला, "हे विहिरीत टाकायलोय मला कळतंय, पण समोरच्याने टाकलंय ना." नाही दिलं तर लोक म्हणतात, याने विचारलंसुद्धा नाही. लग्नाच्या आहेरासारखं आहे. आहेर दिला म्हणून कुणी तुमचं गुणगान गात नाही, पण रिकाम्या हाताने गेलात तर वर्षभर नाव निघतं.

पैसा खरा चालतो तो त्याच्या आधी. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाचं तिकीट, कुणाला द्यायचा, ही बैठक आठवा. तिथे पहिला प्रश्न काम किती केलं हा नसतो. "तुमची तयारी किती?" तयारी म्हणजे काय ते सगळ्यांना कळतं. आमच्या प्रभागात एक शिक्षिका होत्या, वीस वर्षं झोपडपट्टीत बालवाडी चालवलेली, घराघरात ओळख. त्यांना त्या प्रश्नावर उत्तर देता आलं नाही. मतदारांनी त्यांना नाकारलं नाही, मतदारांसमोर त्या आल्याच नाहीत. तुमचा ब्लूमबर्ग हरला ते दिसलं. या बाई हरल्या ते कुठल्याच निकालपत्रात नाही.

डल्लासकर_मूळचा_बाळ्याचा

हे मान्य. असा विचार केला नव्हता. (आमच्याकडे तर १९७६ च्या एका निकालापासून खर्च करणं म्हणजे बोलण्याचंच स्वातंत्र्य धरलंय. २०१० ला कंपन्यांनाही तो हक्क मिळाला. तुम्ही निदान खुर्च्या तरी मोजता.)

बिडीवालीची_लेक

बराच वेळ वाचतेय. आता लिहितेच.

माझी आई अशोक चौकाच्या मागे बिड्या वळायची. माकपचे आडम मास्तर निवडणुकीला उभे राहिले की कारखान्याच्या दारात डबा फिरायचा. ती दोन रुपये टाकायची, आणि त्या दिवशी आमच्याकडे भाजी नसायची, चटणी-भाकरी. मास्तर तीनदा आमदार झाले, १९७८, १९९५ आणि २००४. नंतर पडतही राहिले. पण ज्याला आपण दोन रुपये दिलेत त्याला आई रस्त्यात अडवून "घराचं काय झालं मास्तर?" असं विचारू शकायची. कुंभारीच्या रे नगरच्या, म्हणजे कामगारांच्या घरांच्या वसाहतीच्या, चाव्या जानेवारी २०२४ ला मिळाल्या तेव्हा आई नव्हती.

आता उलटं झालंय. पैसे तिकडून इकडे येतात. आणि ज्याच्याकडून हजार घेतलेत त्याला नळाचं कसं विचारणार? तो सरळ म्हणतो, "मावशी, तुमचं झालंय की." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

पण म्हणून पाकीट घेणाऱ्या बाईला नावं ठेवणाऱ्यांचा मला लय राग येतो. हजार बिड्या वळायला आख्खा दिवस जातो, मान मोडते. पदयात्रेत चार तास झेंडा धरला की तेवढीच मजुरी मिळते, वर जेवण. प्रचाराचे ते पंधरा दिवस आमच्या गल्लीतल्या बायांची दिवाळी असते. सकाळी एकाचं उपरणं, संध्याकाळी दुसऱ्याचं. बोर्ड छापणाऱ्याने धंदा केला तर चालतं, आम्ही केला की लोकशाही बुडाली?

डिजिटलवाला

ताई, बरोबर. मी गप्प.

जुनावकील

ताईंचा राग समजतो. फक्त नोंद म्हणून: भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० प्रमाणे मतासाठी देणारा आणि घेणारा दोघेही लाचेत येतात.

बिडीवालीची_लेक

हो ना काका. आणि आत कोण जातं? पाकीट घेणारी.

रीलवाला_जुळेसोलापूर

सगळे डिजिटल डिजिटल करालेत, पण ते कापडी. मी खऱ्या डिजिटलचं सांगतो. दोन उमेदवारांची रील्स मी केली.

पॅकेज असतं. दिवसाला दोन रील, एक ड्रोन, एक 'सामान्य माणसाची प्रतिक्रिया'. तो सामान्य माणूस आम्हीच आणतो. एक चहावाले काका दोन्ही उमेदवारांच्या रीलमध्ये आहेत, शर्ट बदललाय फक्त. कुणाच्या लक्षात आलं नाही, कमेंटमध्येसुद्धा नाही.

फेसबुकवर राजकीय जाहिरात दिली की 'पैसे कुणी भरले' ते लिहावं लागतं, २०१९ पासून. जाहिरातींचं ग्रंथालय उघडं आहे, कुणीही जाऊन बघा, खर्चाचा अंदाज, किती लोकांना दिसली, बायका किती पुरुष किती. चांगली सोय आहे. पण उमेदवाराच्या स्वतःच्या पानावरून सभ्य जाहिराती जातात, 'विकासाचा निर्धार' वगैरे. समोरच्याची अब्रू काढायची असली की ती शहराच्या नावाने चालणाऱ्या निनावी पानांवरून. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं त्याचं ग्रंथालय नाहीच.

मला विचाराल तर मत रीलने फिरत नाही. रील बघून उमेदवाराचेच कार्यकर्ते खूश होतात. दोन लाख व्ह्यूज दाखवले की तो पुढचं पेमेंट करतो. त्यातले निम्मे व्ह्यूज पुण्या-मुंबईचे, हे मी सांगत नाही.

निवृत्त_गुरुजी

टीव्ही, केबल आणि समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींना आधी माध्यम प्रमाणन समितीची मंजुरी लागते, हे जोडतो. वृत्तपत्रातल्या जाहिरातीला ती अट मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशीपुरतीच.

कडकभाकरी

आणि बातमीच जाहिरात असली तर? २००९ च्या विधानसभेला अशोक चव्हाणांवरचे 'अशोकपर्व'चे कौतुकलेख वेगवेगळ्या पेपरांत जवळजवळ शब्दाला शब्द सारखे छापून आले होते, पी. साईनाथांनी ते शोधून काढलं. आयोगाने २०१४ ला ठपका ठेवला, त्याच वर्षी दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा आदेश रद्द केला. मध्य प्रदेशात नरोत्तम मिश्रांना २०१७ ला अपात्र ठरवलं, तेही पुढच्या वर्षी कोर्टात टिकलं नाही. पेड न्यूजचा खर्च लपवला म्हणून आमदारकी गेली ती उत्तर प्रदेशच्या उमलेश यादव यांची, २०११ मध्ये.

विजापूरवेस_७७

एवढं कशाला? मशीनच सेट असेल तर पाकीट वाटून उपयोग काय? मारकडवाडीला काय झालं आठवा...

संपादक

मारकडवाडी आणि मतदान यंत्रांवर वेगळा धागा चालू आहे. तिथे जा. इथे पैसा.

होटगीरोडकर

पैसाच म्हणता तर सगळ्यांत मोठं पाकीट राहिलं. लाडक्या बहिणीचे महिन्याला दीड हजार, थेट खात्यात, २०२४ च्या विधानसभेच्या चार महिने आधी सुरू. ते कशात धरायचं? चौकातल्या पोराने हजार दिले की लाच, सरकारने दिले की योजना?

जुनावकील

२०१३ च्या सुब्रमण्यम बालाजी निकालात सर्वोच्च न्यायालयाने जाहीरनाम्यातल्या आश्वासनाला भ्रष्ट आचरण मानले नाही. मात्र अशा वाटपाने निवडणुकीचा पाया हलतो, हेही त्याच निकालात लिहिले.

बिडीवालीची_लेक

फरक आहे. दीड हजाराच्या वेळी कुणी "घरात मतं किती" विचारत दारात उभं नव्हतं. शेजारणीने दुसऱ्या पक्षाला मत दिलं, तिचेही चालू राहिले. आता वेळ निवडणुकीचीच का साधली, हे तुम्ही त्यांनाच विचारा.

शेंगाचटणी

सांगोल्याच्या गणपतराव देशमुखांचं नाव अजून कसं कुणी काढलं नाही? अकरा वेळा आमदार, शेकापचे, एसटीने फिरणारा माणूस. पैसा लागतोच असं नाही.

हिशेबनीस

आबांचं नाव निघणार हे माहीत होतं. पण ते १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले. तालुक्यातल्या तीन पिढ्यांना नावानिशी ओळखायचे, लोकांनीच त्यांच्या निवडणुका अंगावर घेतल्या. आज पंचविशीतला कुणी तसा उभा राहायचा तर त्याला तेवढी वर्षं कोण देणार? पहिल्याच बैठकीत "तयारी किती?" विचारतील.

डिजिटलवाला

तयारीवरून आठवलं. पडलेल्या दोघांची उधारी माझ्याकडे आहे, निकालापासून फोन बंद. जिंकलेल्यांपैकी एकाचीही आहे. त्याचा फोन चालू आहे, तो म्हणतो "आता आपलीच सत्ता, काळजी कशाला करता?" त्याचीच जास्त काळजी वाटते. मोठी बिलं असलेल्यांनी तर आणखी कुणाकुणाला हेच सांगितलं असेल. आणि त्यांची फेड फ्लेक्सच्या ऑर्डरीने होत नसते, ती रस्त्याच्या टेंडरात होते.

होटगीरोडकर

साखरपेठी, दुसऱ्यांदा विचारतोय. आई?

साखरपेठी

सगळ्यांचे आभार. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं, दुसऱ्याचं डिजिटलवाला आणि हिशेबनीस यांनी मिळून दिलं असं वाटतं.

खांबावरचा उमेदवार काल उतरवला. शेजाऱ्याने मागितला, लूमच्या शेडवर घालायला. पत्रा गळतो तिथे पालथा टाकलाय, आतून बघितलं की हात जोडलेले दिसतात.

आईला काल रात्री विचारलं. पाकिटातले पैसे तिने अजून मोडलेले नाहीत, गड्ड्यात नातवंडांना नेणार म्हणते. मत कुणाला दिलं म्हटल्यावर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ते राहू दे. पाचवा दिवस आहे, पाणी सुटलं का बघ आधी."

मोटर लावायला उठलो. सुटलं नव्हतं.